टेपाखालचा जोड

“…मग सतरा वर्षं तुम्हाला हा दोष सापडला कसा नाही, अण्णा?”

सुकुमारनं विचारलं आणि हातातली वायरीची काळी गाठ अण्णांच्या पुढ्यात, बाकड्यावर ठेवली.

लिंबाएवढी होती. नुसते टेपाचे थरावर थर. कोरे मास्तरांच्या जुन्या गाडीतलं सगळं वायरिंग त्यानं सकाळपासून उपसून काढलं होतं, आणि डॅशबोर्डाच्या पाठीमागं, अगदी कोपऱ्यात, ही सापडली होती. गाडीचे दिवे सतरा वर्षं हिच्यापायीच जात होते.

विरुपाक्षअण्णा गाठीकडं बघत राहिले.

गडहिंग्लजात गाडीच्या वायरिंगचं काम म्हटलं की अण्णांचंच नाव. सुकुमारही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मग पुण्याला जाऊन सहा महिन्यांचा कोर्स केला आणि परत आला तो जमिनीपासून चार बोटं वर चालतच. दोन आठवड्यांपूर्वी आंबोलीच्या घाटात मास्तरांच्या गाडीचे दिवे गेले, गाडी कठड्याला घासली, मास्तरीणबाईंचा हात मोडला. तेव्हा सुकुमारनंच मास्तरांना गळ घातली, की आता डागडुजी पुरे, तयार वायरिंग किट मागवू. एका खोक्यात अख्ख्या गाडीच्या वायरी, टोकांना प्लग. टक्‌ करून बसवायचं, काम संपलं.

“दर चार महिन्यांनी गाडी तुमच्याकडं यायची, मला हातही लावू द्यायचा नाहीत,” तो म्हणाला. “शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल दोष कुठं आहे ते. आणि तुम्ही…”

“सापडला होता,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“पहिल्याच खेपेला सापडला होता.”

सुकुमार हसला. खरं सांगायचं तर जरा छद्मीच हसला. “मग कापून नवा जोड का नाही मारलात?”

अण्णांनी गाठ उचलली. नखानं टेपाचं टोक शोधलं आणि सोलायला लागले.

एक थर… दुसरा… वरचे काळे, चकचकीत. आतले करपलेले, चिकट झालेले. गाडी जितक्या वेळा आली तितके थर. अण्णांनी जोड कधी उघडलाच नव्हता. दर खेपेला वरून टेप तेवढी आवळून गुंडाळली होती.

सुकुमारला पटेना. हाच माणूस आपल्याला काय शिकवायचा? जोड मारला की आधी ओढून बघायचा, मगच टेप लावायची. एकदा त्यानं न ओढताच टेप लावली, तर अण्णांनी पाठीत असा धपाटा घातला होता की विचारू नका.

“हा जोड कुणी मारलेला, अण्णा?” त्याचा आवाज आता खाली आला होता.

“नंदानं.”

…

नंदा म्हणजे अण्णांची एकुलती एक लेक. ‘पोरीच्या जातीला गॅरेजात कशाला?’ म्हणून गाव नाकं मुरडायचं, पण अण्णा कुणाला भीक घालायचे नाहीत. तिचा हात लहान. डॅशबोर्डाच्या मागं अण्णांचा पंजा अडायचा, तिथं तिचा सुळकन जायचा. ती गेली त्यानंतर वर्षभरानं सुकुमार कामाला लागला. त्यानं तिला फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलं होतं.

“अंगात ताप होता,” अण्णा म्हणाले. “मी म्हटलं, राहू दे गं पोरी. म्हणाली, एवढा एक मारते आणि जाते… हात थरथरत होता. ‘झाला?’ म्हणून विचारलं. ‘झाला’ म्हणाली. मी ओढून बघितला नाही.”

“का?”

“सुटला असता. पोर पुन्हा वाकली असती.”

पाचव्या दिवशी नंदा गेली. हे अण्णांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

शेवटचा थर निघाला. आत दोन वायरी, एकीला दुसरी कशीबशी वळवलेली.

सुकुमारला स्वतःची लाज वाटली. इतकी, की आपली जीभ हासडून टाकावी असं झालं. “चुकलो मी, अण्णा. हा जोड घरी न्या. देवापाशी ठेवा. नव्या वायरिंगला तो लागायचा नाही.”

अण्णांनी मान हलवली. “मास्तरीणबाईंचा हात मोडलाय, सुकुमार.”

“तुम्ही काय मुद्दाम…”

“मुद्दामच ठेवला होता.”

मग त्यांनी जोडाचं एक टोक चिमटीत धरलं आणि दुसरं त्याच्यापुढं केलं.

“ओढ.”

“नको, अण्णा.”

“ओढ म्हणतो ना.”

सुकुमारनं टोक धरलं. ओढलं म्हणण्याइतकंही त्यानं ओढलं नाही. वायरी अलगद सुटल्या.

…

अण्णा रडले. सुकुमारनं त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. काय करावं, कुठं बघावं, त्याला कळेना. तो तसाच मान खाली घालून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं अण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि पायात चपला सरकवल्या. “मास्तरांकडं जाऊन येतो. बाईंच्या पुढ्यात उभं राहून सांगायला पाहिजे.”

“मी येऊ बरोबर?”

“तू काम कर.”

दारापाशी मात्र ते थांबले. नव्या खोक्याकडं त्यांची नजर गेली.

“याच्या प्लगांतल्या वायरी ओढून बघितल्यास?”

“कारखान्यातला माल आहे, अण्णा,” सुकुमार हळूच म्हणाला. “तिथनं सगळं तपासूनच येतं. एकेक कशाला ओढत बसायची?”

“ओढून बघ,” अण्णा म्हणाले. “तिथंही कुणाची तरी पोर बसली असेल.”