घरीही हजर, खुर्चीतही हजर

"घरून काम करायचंय ना? कर की! मंगळवारी कर, शुक्रवारी कर, माझी ना नाही," हिप्परगेकर वकील मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. "पण त्या दोन्ही दिवशी दहाच्या ठोक्याला या खुर्चीतही हजर पाहिजेस. एकदा जरी गैरहजर सापडलीस, तर नोकरी गेली म्हणून समज!"

झालं! घरीही थांबायचं आणि त्याच वेळी ऑफिसातही दिसायचं, हे देवालासुद्धा अवघड. मग रेवती माळगे तर साधी टायपिस्ट. तिच्या आप्पांचं उजवं अंग लुळं पडलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. तेव्हा आप्पांना दुसऱ्या बाजूने धरायला घरात रेवतीशिवाय कुणी नव्हतं. नुकते कुठे ते पाऊल टाकायला लागले होते. नोकरी सोडावी तर घर कसं चालवायचं, आणि धरून ठेवावी तर आप्पा पुन्हा अंथरुणाला खिळणार.

बरं, साहेबांचं ऑफिस काही मागासलेलं नव्हतं हो! अख्ख्या सोलापुरात एवढं आधुनिक वकिली ऑफिस दुसरं नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. नारळ फोडून त्यांनी लॅपटॉप आणले, भिंतभर पडदा लावला, दाव्यांचे सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवले. एका सत्कारात तर गळ्यात हार असताना गरजले, "आमचं ऑफिस जगाच्या पाठीवर कुठूनही चालतं!" चालायचं, खोटं कशाला बोला? फक्त ते चालवणाऱ्यांनी दहा वाजता खुर्चीत असलं पाहिजे! दारात अंगठ्याचं मशीन होतं, पण साहेबांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून अंगठा उठवून झाला की शाळेसारखी नावं पुकारून पुन्हा हजेरी व्हायची.

"साहेब, मी पडद्यावर दिसेन ना," रेवतीने विनवून पाहिलं.

"चित्रं नकोत मला! खुर्चीत हाडामांसाचं माणूस पाहिजे."

"माणूसच पाहिजे ना, साहेब? नक्की?"

"माणूसच! आणि नाव पुकारलं की 'हजर' ऐकू आलं पाहिजे!"

"बरं, साहेब," म्हणून रेवती बाहेर पडली. बाकीचे तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिचा निरोपसमारंभच ठरला होता.

बाहेर पॅसेजमध्ये सरूबाई खरमाटे उभी होती. कडक भाकरीचा धंदा करायची, आणि जीभ भाकरीहून कडक! दुकानाच्या गाळ्यावरून दिराशी चाललेला तिचा दावा साहेबांकडेच होता. तो सुरू झाला तेव्हा तिचे केस काळेभोर होते म्हणे. साहेबांकडे आली की ती उभीच असायची, कारण त्या आधुनिक ऑफिसात पडद्याला भिंत मिळाली होती, पण पक्षकारांना साधं बाकडं मिळालं नव्हतं. रेवतीने तिला कोपऱ्यात नेऊन काहीतरी सांगितलं. ऐकता ऐकता सरूबाईने तोंडाला पदर लावला.

"अगं बया! एवढंच ना? येते की!"

मंगळवार उजाडला. रेवतीने घरी लॅपटॉप उघडून ऑफिसच्या पडद्याला जोडला. हातात आप्पांचा दंड आणि कान हजेरीकडे. साहेब एकेक नाव घेत तिच्या नावाशी आले.

"रेवती माळगे!"

"हजर!" खणखणीत आवाज आला.

साहेबांनी चमकून वर पाहिलं. रेवतीच्या खुर्चीत सरूबाई ऐसपैस मांडी घालून बसली होती.

"तुम्ही? तुम्ही कशा इथे?"

"रेवतीतर्फे मी हजर हाय, साहेब."

"तर्फे? हा काय पोरखेळ लावलाय! ती स्वतः कुठाय?"

"ती घरी हाय. आता माझंच बघा की. माझ्या तारखेला मी घरी भाकऱ्या थापत असते. तिकडं कोर्टात माझं नाव पुकारलं की तुम्ही उठून म्हंता, सरूबाईंतर्फे मी हजर! मग झाली का न्हाई माझी हजेरी?"

"झाली. पण ती कोर्टाची रीत आहे, बाई!"

तेवढ्यात पडद्यावरून रेवती बोलली, "साहेब, कोर्टाला चालते ती रीत वकिलालाच चालत नसेल, तर सरूबाईंनी पुढच्या तारखेला कुणाच्या भरवशावर घरी राहायचं?"

ज्युनियर वकील खाली मान घालून ओठ चावायला लागले. पण हरतील तर ते हिप्परगेकर कसले!

"ठीक आहे! हजेरी मानली. पण नुसत्या हजेरीला काय चाटायचंय? रेवतीतर्फे बसलात ना? मग काम दाखवा! काल सांगितलेली कैफियत टाईप झाली का?"

सरूबाई सावकाश उठली. साहेब कोर्टात काळा कोट सावरतात, अगदी तसाच तिने खांद्यावरचा पदर सावरला. मान किंचित झुकवली आणि म्हणाली,

"त्यासाठी पुढची तारीख मिळावी, साहेब!"

सगळं ऑफिस हसत सुटलं! साहेब आधी लालबुंद झाले, मग मिशा थरथरल्या, आणि मग असे गडगडाटी हसले की चष्मा टेबलावर पडला.

"कैफियत तयार आहे, साहेब. बघा," रेवती म्हणाली, आणि पडद्यावर कैफियत उमटली.

"अगं, तुझी वकीलबाई तारीख मागते आणि तू काम उरकून मोकळी? असा अशील मला जन्मात मिळाला नाही!" साहेब डोळे पुसत म्हणाले. चष्मा लावून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तर कैफियतीशेजारच्या चौकटीत रेवतीच्या खांद्याला धरून आप्पा उभे होते. साहेबांनी हजेरीची वही मिटून ठेवली.

"मंगळवार आणि शुक्रवार तुझे. आणि आजपासून हजेरी बंद. पगारही वाढवू. सरूबाई, तुमची फी काय ती बोला!"

"फी नगं. ही खुर्ची तेवढी बाहेर पॅसेजमध्ये टाका," सरूबाई म्हणाली. "आणि चांगली मजबूत बघून टाका साहेब, माझ्या दाव्याचा निकाल लागेस्तोवर टिकाया पायजे!"