त्सुबावरचं नाव

"आता तरी नाव कोरू का, गुरुजी?"

असं विचारत नाओकिचीनं हातातली त्सुबा गुरूंपुढं ठेवली. त्सुबा म्हणजे तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसणारी लोखंडी चकती. हिच्यावर खवळलेला समुद्र होता, आणि फेसाच्या कडांना सोन्याची तार ठोकून बसवलेली. काम असं नामी की बोट ठेवायला जागा नाही. ते नाओकिचीलाही ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं तो लपवतही नव्हता.

कानाझावा गावात शोझान गुरूंचा दबदबा मोठा. त्यांच्या संमतीनं ज्यानं स्वतःचं नाव कोरलं, तो उस्ताद झाला, आपलं दुकान मांडायला मोकळा. नाओकिचीनं तर गल्लीच्या टोकाची जागाही हेरून ठेवली होती. गुरू नाही म्हणाले, तर पुन्हा दुसऱ्यांच्या कामाला कानस घासत बसायचं. ते त्याला आता सोसणार नव्हतं.

गुरूंनी त्सुबा उचलली. उलटसुलट करून पाहिली. परत खाली ठेवली.

"काही खोट दिसतेय का?"

"नाही."

"मग?"

गुरू उठले. मुठीवरची दोरी नव्यानं गुंडाळून घ्यायला आलेली एक तलवार कोपऱ्यात होती, ती घेऊन आले.

"हिची त्सुबा कुणाची, सांग."

नाव वाचून सांगायची सोय नव्हती. कारागीर आपलं नाव कोरतो ते मधल्या भोकाच्या कडेला, आणि त्यावर तांब्याची पातळ पट्टी बसते. तलवार जुळवली की नाव झाकलं. पहिल्यापासूनची रीतच तशी.

पण नाओकिची हसला.

"तुमची."

"तू इथं यायच्या आधीची आहे ती. कधी पाहिली नसशील."

"पाहायला कशाला हवी? लाट फुटताना तिचं टोक असं आत मुडपणारा दुसरा आहे कोण? डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी ओळखीन."

"खात्री आहे?"

"पैज लावा!"

गुरूंनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली. मूठ उतरवली. तांब्याची पट्टी सरकवली. खाली कोरलेलं होतं, शोझान.

नाओकिचीची मान आणखी ताठ झाली.

गुरूंनी ती त्सुबा काढून चटईवर ठेवली. शेजारी नाओकिचीची ठेवली.

नाओकिचीनं आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मग वाकून बोटानं चाचपलं. लाटेचं टोक... इथंही आत मुडपलेलं. तिथंही. तितकंच, तसंच.

त्यानं बोट मागं घेतलं.



"गुरुजी," तो अखेर म्हणाला. आवाज उतरला होता, पण गडी मागं हटणारा नव्हता. "कोरू की नको, तेवढं सांगा."

गुरूंनी बारीक छिन्नी उचलून त्याच्या हातात दिली.

"कोर की. माझं नाव तुला लिहिता येतंच."