रिकाम्या बॅगेचे माप

एकदा एक शिष्य गुरूचे दुकान कायमचे सोडायचे, अशी खूणगाठ मनाशी बांधूनच कामावर आला. गुरू म्हणजे महामार्गालगतचा एक वृद्ध मोटारसायकल कारागीर. हाताला यश मोठे, पण जिभेला हाड नाही. तीन आठवडे शिष्य रोज उशिरा येत होता आणि आदल्या दिवशी गुरूने चार गिऱ्हाइकांदेखत त्याला सुनावले होते, "आळशी माणसाला विद्या चढत नाही!" चार वर्षे मान खाली घालून शिकलेल्या माणसाच्या ते फार जिव्हारी लागले.

त्या दिवशी लांबच्या प्रवासाला निघालेले एक जोडपे भारी क्रूझर मोटारसायकल घेऊन आले. मागे दोन्ही बाजूंना कातडी सॅडलबॅगा बसवून हव्या होत्या. निदान शेवटच्या कामाला तरी कोणी नाव ठेवू नये, म्हणून शिष्याने त्यात जीव ओतला. दोन्ही बॅगा एका पातळीत धरल्या, सायलेन्सरपासून तीन बोटे अंतर राखले आणि बोल्ट आवळायला पाना उचलला.

"थांब," गुरू म्हणाला. त्याने प्रवाशांचे सगळे सामान बॅगांत कोंबले. मग नवराबायकोला म्हणाला, "बसा हो जरा दोघं गाडीवर."

आज शेवटच्या दिवशीही म्हातारा खोट काढणार, असे शिष्याला वाटले. पण पाहतो तो काय, भरलेल्या बॅगेचे पोट खाली येऊन सायलेन्सरला टेकले होते, आणि मागे बसलेल्या बाईंना टाच ठेवायलाही जागा उरली नव्हती. दहा मैलांत कातडे करपले असते.

"माप तुझं खोटं नाही," गुरू म्हणाला. "पण ते रिकाम्या बॅगेचं आहे. ज्याला ओझं न्यायचंय, त्याचं माप ओझ्यासकट घ्यावं."

शिष्याने बॅगा वर आणि थोड्या मागे सरकवून पक्क्या केल्या. जोडपे आनंदाने निघून गेले. शिष्याने पाना खाली ठेवला.

"उस्ताद, मग काल माझं माप कसं घेतलंत?"

"म्हणजे?"

"वडिलांना अर्धांगवायू झालाय. सकाळी त्यांना उचलायचं, धुवायचं, भरवायचं. घरात दुसरं कोणी नाही."

गुरू मटकन स्टुलावर बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "बोललो चारचौघांत, आता कबूल करायलाही चारचौघं हवी होती. पण तूही कसा रे? एका शब्दानं बोलला नाहीस."

"कमीपणा वाटला, उस्ताद."

दुसऱ्याचे ओझे न विचारणारा जितका चुकतो, तितकाच आपले लपवणाराही चुकतो. हे दोघांनाही एकाच दिवशी उमगले.

दुसऱ्या दिवशी वडिलांना न्हाणीघरात नेताना एका बाजूला मुलगा होता, दुसऱ्या बाजूला गुरू. त्या दिवशी दुकान उशिराच उघडले.