शिंपिणीचं पिल्लू सुटेना

शहरात होती एक पक्ष्यांची बाग. मुलं तिथे पक्षी बघायला यायची. बागेतल्या शाल्मलीताईंनी झाडावर पाटी बांधली, 'हळू बोला. इथे पक्षी राहतात.'

बांधली कशाने? नायलॉनच्या दोऱ्याने! त्यातच अडकला शिंपिणीच्या पिल्लाचा पाय. शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करणारी एवढुश्शी पक्षीण.

"चीं चीं! आई गं!" पिल्लू ओरडलं.

झाडाखाली बोका बसलेला. मिशा चाटत! शिंपिणीने ते पाहिलं.

उडाली फुर्र फुर्र. गेली खारीकडे.

"खारूताई, खारूताई, दोरा कुरतड."

"नको गं बाई! खाली बोका आहे. तो हटला तर येईन."

आता बोक्याशी बोलायचं? बाप रे! तरी गेली.

"बोकोबा, बोकोबा, हटा ना! खार दोरा कुरतडेना, पिल्लू काही सुटेना!"

"नाही हटत, जा! स्वयंपाकघरातल्या मावशीने दूध घातलं तर हटेन."

उडाली फुर्र फुर्र. गेली स्वयंपाकघराच्या खिडकीत.

"मावशी, मावशी, दूध घाला ना! बोका हटेना, खार दोरा कुरतडेना, पिल्लू काही सुटेना!"

"कशी घालू गं? ही मुलं नुसती पायात येतायत. ती बसली तर घालेन."

उडाली फुर्र फुर्र. गेली मुलांकडे.

"मुलांनो, मुलांनो, खाली बसा ना! मावशी दूध घालेना, बोका हटेना, खार दोरा कुरतडेना, पिल्लू काही सुटेना!"

"आम्ही नाही बसणार! ताईंनी गोष्ट सांगितली तर बसू."

चीं चीं... पिल्लाचा आवाज बारीक झाला. शिंपिणीला रडूच आलं. रडत रडत गेली ताईंकडे.

"ताई, ताई, गोष्ट सांगा ना! मुलं बसेनात, मावशी दूध घालेना, बोका हटेना, खार दोरा कुरतडेना, पिल्लू काही सुटेना!"

ताई दचकल्या. "अगं बाई! तो दोरा तर मीच बांधला! चुकलं गं माझं. फांदी बारीक, मला चढवेना. पण थांब, गोष्ट तर तूच आणलीस!"

ताईंनी हीच गोष्ट सांगितली. मग काय!

मुलं बसली, चिडीचूप. मावशीने दूध घातलं, सुर्र सुर्र. बोका हटला, टण्णकन. खारीने दोरा कुरतडला, कुर्र कुर्र... तट्!

पिल्लू सुटलं! शिरलं आईच्या पंखाखाली.

"आई, तुला बोक्याची भीती नाही वाटली?"

"वाटली रे. खूप खूप वाटली."

"मग गेलीस कशी?"

"तू हाका मारत होतास ना!"