खारीची सात पाने

नदीच्या वळणावर करवंदीचे दाट रान होते. त्या रानातल्या एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत एक तरुण खार आपल्या आईबरोबर राहत असे. मुलांनो, खारी मुळातच चुळबुळ्या, पण ही जरा जास्तच. ती क्षणभर एका फांदीवर शांत बसली, तर आईला वाटे, हिला बरे नाही की काय.

तिला ध्यास एकच होता, वैद्यकी शिकायची. आदल्या वर्षी घारीने झडप घातली, तेव्हा आईची पाठ फाटली होती. रानात वैद्य नव्हता. जखम चिघळली, आई महिनाभर तापाने फणफणली आणि उठली ती मागचा एक पाय ओढतच. तेव्हापासून खार दिसेल त्या झाडाची साल हुंगून आणि कुरतडून पाहू लागली. कोणती साल तुरट, कोणती कडू, कोणती लावली की रक्त थांबते, हे तिचे तिलाच उमजत गेले.

त्या मुलखात वैद्यकीच्या पाठशाळा बऱ्याच होत्या. ज्याला शिकायचे असेल त्याने उन्हाळ्याच्या अखेरीस पळसाच्या पानावर आपल्या पंजाचा ठसा उमटवून ते पारव्यांकडे द्यायचे, अशी रीत होती. पारवे ते पान सांगितलेल्या पाठशाळेत पोचवत. मात्र एका विद्यार्थ्याची ते सातच पाने नेत, त्याहून एकही जास्त नाही. कुठेच प्रवेश मिळाला नाही, तर ते वर्ष फुकट जाई. आणि खारींच्या मुलींना फुकट घालवायला वर्ष कुठले? पुढच्या हंगामात घरटे, मग पिल्ले. त्या रानातल्या ज्या ज्या खारी ‘पुढच्या वर्षी जाईन’ म्हणाल्या, त्यांतली एकही पुढे गेलेली नव्हती.

त्याच रानात एक तरुण कोल्हा होता. त्यालाही वैद्य व्हायचे होते. त्याने तीनच पाने तयार केली होती : एक डोंगरमाथ्यावरच्या अस्वलासाठी, एक पलीकडच्या दरीतल्या वानरांसाठी आणि एक कड्यावरच्या गरुडासाठी. या तिन्ही पाठशाळांचे नाव दूरदूरपर्यंत घेतले जाई. उरलेल्या चार पानांचे काय, असे खारीने विचारले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “लहान पाठशाळेला पान पाठवायचं म्हणजे आपण हरणार हे आपणच लिहून द्यायचं.”

खारीला ते पटले. खरे तर पटले नाही, पण ‘नाही’ म्हणायची लाज वाटली. तिनेही तीच तीन नावे ठरवली. मात्र त्या दिवसापासून तिला चैन पडेना. ती शेंड्यावर जाई, खाली येई, पाने मोजी, पुन्हा शेंड्यावर जाई. करवंदे पिकली होती, पण तिचे खाण्यात लक्ष नव्हते.

करवंदीच्या जाळीखाली एक म्हातारी साळू राहत होती. सगळे तिला मावशी म्हणत. एका संध्याकाळी ती बिळाच्या तोंडाशी बसून काट्यांतली माती झटकत होती. खार तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने एका दमात आपली यादी सांगून टाकली. साळूने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “हे तिघंही नाही म्हणाले, तर पावसाळ्यात तू कुठे असशील?”

 खार घरी पळाली.  दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने ती नावे सोडून दिली आणि सातच्या सात पाने अगदी जवळच्या पाठशाळांसाठी ठेवली, जिथे कुणालाही सहज घेत. धावत येऊन तिने ही नवी यादी साळूला सांगितली. आता तरी मावशी शाबासकी देईल, असे तिला वाटले होते.

साळू म्हणाली, “आणि हे सातही जण हो म्हणाले, तर तू आनंदाने कुणाकडे जाशील?”

खारीने एकेक नाव मनात आणून पाहिले. कुठेच जावेसे वाटेना. तिचा राग उफाळून आला. मावशी कशालाच बरे म्हणत नाही, मग मी करू तरी काय, असे ती फणकाऱ्याने बोलून गेली. साळू रागावली नाही.  ती म्हणाली, “तुझ्या वयाची असताना मीही पानं पाठवली होती, सगळी डोंगरमाथ्यावर. कुणीच होकार दिला नाही. मग राहिलंच ते. तू नुसती नावं ऐकून यादी करू नकोस. जाऊन बघून ये. पंधरा दिवस आहेत अजून.”

दुसऱ्या दिवशीच खार निघाली. आधी ती डोंगरमाथ्यावर गेली. तिथे अस्वलाचे विद्यार्थी कडक मुरूम उकरून मुळ्या काढत होते. खारीनेही उकरून पाहिले. दुपारपर्यंत तिच्या नख्या दुखू लागल्या आणि खड्डा झाला बोटभर. अस्वलाने तिला खरे ते सांगितले. जागा चार आणि आलेली पाने दीडशेच्या वर. बहुतेक वेळा तो चांगले खणणाऱ्यांनाच घेई, पण एकदा त्याने एका चिचुंद्रीला तिच्या नाकासाठी घेतले होते. म्हणजे आशा थोडी होती, पण अगदीच नव्हती असे नाही. वानरांकडेही साधारण असेच होते. गरुडाच्या पाठशाळेत तर पंख नसलेल्याला घेतच नसत. इतकी साधी गोष्ट आपण विचारलीसुद्धा नव्हती, हे लक्षात येऊन खारीचे कान गरम झाले.

मग ती धनेश पक्ष्याकडे गेली. उंच झाडाच्या ढोलीत तो साली आणि बिया यांची ओळख शिकवी. तिथे तिला इतके घरच्यासारखे वाटले, की आपली जागा हीच असे तिने मनाशी धरले. मागणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी तिथे घेत. नंतर ती डोहाकाठच्या कासवाकडे गेली. पाण्याची तिला भीती वाटे. तिथले दगड ओले, निसरडे होते. पण कासव पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांना आजाऱ्याजवळ बसवी, हे तिने पाहिले. एका बगळ्याचा मोडका पाय बांधताना ती इतकी रंगून गेली, की निघायचे विसरली. कासवाकडेही निम्म्यांना जागा मिळे.

परतताना तिने जवळच्या पाठशाळा पाहिल्या. उंबराखालची साळुंकी ताप, खोकला, साध्या जखमा एवढेच शिकवी. तिचे नाव कुठे गाजत नव्हते, पण तिचे विद्यार्थी सकाळपासून कामात गढलेले असत, आणि वेळेवर पान पाठवणाऱ्याला ती सहसा नाही म्हणत नसे. वारुळावरच्या घोरपडीकडे मात्र कुणीही यावे आणि राहावे. घोरपड उन्हात पडून होती. तिचा एक विद्यार्थी खारीला म्हणाला, “मी तीन पावसाळे इथे आहे. ऊन कुठे चांगलं लागतं ते मला बरोबर कळतं.” खारीने घोरपडीचे नाव गाळले. जिथे जाऊन काही शिकायचेच नाही, तिथली हमखास जागा घेऊन तरी काय करायचे?

शेवटी तिने पाचच पाने पारव्यांकडे दिली. अस्वल, वानर, धनेश, कासव आणि साळुंकी. दोन पाने तशीच उरली.

मग सुरू झाले वाट पाहणे. होकार असेल तर पान जसेच्या तसे परत येई, नकार असेल तर फाटलेले. पंखांची फडफड ऐकली, की खार ढोलीतून बाहेर झेपावे. रानातले सगळे पक्षी तिला पारव्यांसारखे दिसू लागले. आई खायला देई, ते ती कुठे तरी पुरून ठेवी आणि विसरून जाई.

पहिले पान आले वानरांकडून, फाटलेले. त्याचे तिला फारसे वाईट वाटले नाही. तीन दिवसांनी धनेशाचे आले. तेही फाटलेले होते. या वर्षी साली ओळखणारे फार जण आले, असा निरोप होता. त्या दिवशी खार ढोलीच्या तळाशी जाऊन बसली. जिथे जागा मिळेल असे आपण धरून चाललो होतो, तिथेच दार लागले. मग आता उरलेल्या तिघांचा काय भरवसा? त्यानंतर चौथ्या दिवशी अस्वलाचे फाटलेले पान आले, तेव्हा तिने ते नुसते बाजूला ठेवले.

त्याच संध्याकाळी साळुंकीचे पान आले. ते अखंड होते. खारीने ते उलटसुलट करून पाहिले, एकही चीर नव्हती. त्या दिवशी ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. आणि आठवड्याने, वाट पाहणे जवळजवळ सोडून दिल्यावर, कासवाचे पान आले. तेही अखंड.

आता कुठे जायचे? साळुंकी हाकेच्या अंतरावर, तर डोह दोन दिवसांच्या वाटेवर. आईच्या लंगड्या पायाकडे पाहून खार म्हणाली, की जवळच राहीन.  आईने खारीला जवळ ओढले. “साळुंकीकडे गेलीस तर रोज दिसशील, म्हणून मला तेच हवंय,” ती म्हणाली. “पण डोहाबद्दल बोलायला लागलीस, की तू एका जागी बसतेस. मी पाहिलंय ते. तू तिकडे जा.”

निघायच्या आदल्या दिवशी कोल्हा आला. त्याची तिन्ही पाने फाटून आली होती. तो बेहड्याखाली मान घालून बसला. खारीने त्याला हिणवले नाही. ती त्याला घेऊन लगेच साळुंकीकडे गेली, कारण खारीची तिथली जागा आता रिकामी होणार होती. पण या वर्षी पाने जास्त आल्याने साळुंकीकडे वेळेवर पाने पाठवूनही जागेसाठी थांबलेले चौघे जण होते, आणि त्यांना डावलून उशिरा आलेल्याला घेणे तिला पटेना. पान वेळेवर आले असते, तर तुझाही विचार केला असता, असे तिने कोल्ह्याला हळुवारपणे सांगितले.  परतताना करवंदीच्या जाळीपाशी कोल्हा थांबला. “तुझ्या यादीत खालची नावं कोणती होती,” तो म्हणाला, “आणि ती तू कशी शोधलीस, तेवढं मला सांगून जा.” खारीने त्याला साळूच्या बिळापर्यंत नेले आणि मगच ती घरी गेली.

डोहावरचे पहिले काही दिवस अवघड गेले. ओल्या दगडांवरून ती दोनदा पाण्यात घसरली. रडूही आले. पण महिन्याभराने साप चावलेला एक मोर तिथे आला, आणि कासवाने सगळ्यांत आधी तिला हाक मारून त्याच्यापाशी बसवले. ती त्याची जखम धूत होती, तेव्हा शेजारचा एक विद्यार्थी सांगत होता, की अस्वलाच्या पाठशाळेत यंदा म्हणे दोन जागा पुन्हा निघणार आहेत. कुणाला जायचे असेल, तर अजून पान पाठवता येईल. त्याने खारीला दोनदा विचारले.

खारीचे कान मोराच्या श्वासाकडे लागले होते. तिने ते ऐकलेच नाही.

तात्पर्य : यादीत उंच स्वप्नाला जागा जरूर द्यावी, पण आपल्या बळाला साजेशी आणि खात्रीची ठिकाणेही स्वतः पाहून, पारखून लिहावीत, आणि प्रत्येक नाव असे असावे, की तेवढे एकच उरले तरी तिथे मन लावून शिकता येईल.