देवाचा खड्डा, खरकट्याचा खड्डा

“आक्का, गांडुळं विटाळ मानतात का हो?”

येसाक्का मठाच्या मागच्या अंगणात घेवडा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्यांनाच विचार. एक तुझ्या पायाशीच आहे.”

धुंडिराज टुणकन बाजूला झाला.

पोरगा हुशार. पाठांतर दांडगं, आणि सोवळं त्याहून दांडगं. मठात आला तो आक्कांकडून मंत्र घ्यायला. आक्का म्हणाल्या होत्या, “दारातली तुळस वाळत चाललीय. खत घालून तिला जगव. पालवी फुटली की त्याच दिवशी मंत्र देते.”

मठात खताचा एकच खड्डा. भाजीची देठं, खरकटं, पालापाचोळा, सगळं त्यातच जायचं. पण तुळशीला खरकट्याचं खत? शिव शिव! धुंडिराजानं शेजारी नवा खड्डा खणला, फक्त देवावरून उतरलेल्या फुलांचा. मध्ये विटांची भिंत घातली.

गांडुळं भिंतीखालून आली. हा बाबा त्यांना रोज पळसाच्या पानावर उचलून पलीकडे सोडायचा आणि फुलांवर पाणी शिंपडून शुद्धी करायचा. फुलांचा नुसता चिखल झाला. असा वास सुटला की शेजारची म्हैससुद्धा तोंड फिरवून बसायची. आणि तुळस आपली वाळतच होती.

“खरकट्यातली गांडुळं देवाच्या फुलांत शिरतात, आक्का. काय करू?”

“मग खरकट्यातली तेवढी वेचून काढ. देवाकडं जन्मलेली राहू देत.”

धुंडिराज खड्ड्यावर ओणवा झाला. बराच वेळ बघत राहिला...

“सगळी सारखीच दिसतायत.”

“हं.” आक्कांनी शेंगेची शीर ओढली. “निर्माल्य म्हणजे काय रे?”

“देवाला वाहून झालेलं.”

“म्हणजे देवाचं उष्टंच की.”

एवढं पाठांतर, पण धुंडिराजाला एक वचन वेळेला आठवेल तर शपथ.

आक्का उठल्या. जुन्या खड्ड्याच्या तळाची काळी, भुसभुशीत माती ओंजळभर घेतली आणि तुळशीच्या मुळाशी घातली. धुंडिराजानं डोळे गच्च मिटून घेतले.

मग एका सकाळी तुळशीवर हिरवे कोंब दिसले. त्याला रडूच कोसळलं. आंघोळ केली, सोवळं नेसला आणि धावतच मागं गेला. आक्कांचे हात कोपरापर्यंत खरकट्याच्या खड्ड्यात होते.

“आक्का, पालवी फुटली. मंत्र द्या.”

“ये. वाक.”

तो वाकला. मंत्र देताना गुरूनं डोक्यावर हात ठेवायचा असतो. आक्कांनी हात वर केला. हाताला काळी माती, मनगटाला कांद्याचं साल, अंगठ्यावर एक गांडूळ.

धुंडिराज मागं सरकला.

“आक्का... हात...”

आक्कांनी आधी हाताकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“तुळशीला चालला.”