सदोबाचा टॉवेल परदेशी जातो

कुसवडे गावात सदोबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा लग्नाच्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार यावे’ असं लिहिलं होतं, तर हा म्हैससुद्धा घेऊन गेला. वरून म्हणतो, “घरात एकटी कशी ठेवायची?” माणूस वाईट नव्हता हो. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तीच तर पंचाईत होती.

त्याची बायको अनसाबाई. तिची जन्मात एकच इच्छा होती, बर्फात उभं राहून फोटो काढायचा. कुसवड्यात बर्फ यायचं ते जत्रेतल्या गोळेवाल्याच्या पेटीतून, भुसा लावून. सदोबाच्या एकसष्टीला लेकीनं दोघांचं परदेशी सहलीत नाव घातलं, तेव्हा अनसाबाईनं साऱ्या आळीला सांगून टाकलं, “बर्फात हुबी ऱ्हाऊन फोटू काढून आणते!”

शेजारची कमळाक्का पदर तोंडाला लावून हसली. “दाजींच्या संगं? अगं, ते तुला तालुक्याच्या पुढं न्यायचे न्हाईत.”

हे अनसाबाईला फार लागलं. सदोबालाही लागलं. त्यानं मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, अनसाला बर्फात उभी करायचीच.

बावीस माणसं विमानानं निघाली. सोबत सहलीचा पोरगेला मॅनेजर, खानोलकर. परदेशात उतरले आणि दुसऱ्याच दिवशी रेल्वेचा संप झाला. बर्फाच्या डोंगरावर जायची गाडी बंद. खानोलकरनं धावपळ करून एक बस मिळवली आणि सगळ्यांना चौकात उभं केलं.

बस आली. माणसं शिस्तीत रांगेनं चढायला लागली. सदोबाला त्यांची कीवच आली. अशानं जागा मिळते होय? त्यानं खांद्यावरचा लाल काठाचा टॉवेल काढला, बसच्या मागच्या खिडकीशी गेला आणि नेम धरून आत टाकला. बरोबर दोन सीटांवर पसरला. आता काळजी कसली? कुसवड्याच्या स्टँडवर टॉवेल पडला की जागा आपली, मग प्रत्यक्ष तहसीलदार आला तरी तो उभा राहतो.

“चल अनसा,” तो म्हणाला. “जागा झाली. चहा पिऊन येऊ.”

खानोलकर डोकी मोजायला लागला तर दोन कमी. तो शोधायला धावला. चहाच्या दुकानात दोघं फुंकर मारून चहा पीत होती. तिघं परत येईपर्यंत बस गेलेली. तिथं बस घड्याळावर सुटते, टॉवेलावर थांबत नाही. वीस माणसं डोंगरावर गेली, टॉवेलही गेला, आणि दुपारपासून बसवाल्यांनीही संप पुकारला.

अनसाबाईनं कपाळाला हात लावला. “अवो, जागा मागनं! इथं आदी रांगंत हुबं ऱ्हायाचं. रांग दिसली की शेवटाला जाऊन हुबं ऱ्हायाचं, आन मगच पुढचं बघायचं.”

“एवढंच ना?” सदोबा म्हणाला. “ध्यानात ठेवलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खानोलकरला कळलं, पुलापलीकडून काही खासगी गाड्या डोंगरावर जाणार आहेत. “काका, तुम्ही पुढं जाऊन दोन जागा धरा. मी काकूंना आणि सामान घेऊन आलोच.”

सदोबा निघाला. पूल ओलांडला, तर समोरच रांग! चांगली पन्नास माणसांची. सदोबा शेवटी जाऊन उभा राहिला. प्रत्येकाजवळ एकेक कुत्रं होतं. सदोबाजवळ पिशवी होती. परदेशात प्रवासाला कुत्रं नेत असतील, आपण म्हैस नेली होती तसं, असं म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नाही.

दोन तासांनी नंबर आला. आत पांढऱ्या कोटातला डॉक्टर. डॉक्टरनं सदोबाकडं बघितलं, सदोबानं डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टर खाली वाकून कुत्रं शोधायला लागला. सदोबाही वाकून शोधायला लागला. टेबलावर गोळ्या होत्या. गाडी लागू नये म्हणून ठेवल्या असतील, असं समजून सदोबानं एक उचलली आणि गिळली. डॉक्टर ओरडला. सदोबानं नमस्कार केला.

तोवर गाड्या निघून गेल्या होत्या. गोळी जंतांची होती. सदोबाला अपाय काही झाला नाही, उलट दोन दिवस भूक चांगली लागली.

“अवो, कुत्र्यांच्या दवाखान्याच्या रांगंत?” अनसाबाईला हसावं की रडावं कळेना. “नुसती रांग बघायची न्हाई! ज्याच्या हातात प्रवासाची बॅग, तो गावाला चाललेला. त्याच्या मागनं जायाचं.”

“एवढंच ना? ध्यानात ठेवलं.”

त्याच दुपारी चौकात एक माणूस दिसला. दोन हातांत दोन मोठ्या बॅगा. सदोबा मागं लागला. माणूस गल्लीत वळला, सदोबा वळला. माणूस तीन जिने चढला, सदोबा चढला. एवढ्या उंचावरनं गाडी सुटते म्हणजे थेट डोंगरावरच जात असणार, त्याला बरं वाटलं. माणसानं कुलूप उघडलं, बूट काढले. सदोबानं चपला काढल्या. माणूस मागं वळला आणि किंचाळला. तो बिचारा गावाहून घरी आला होता.

माणूस भला निघाला. त्यानं सदोबाच्या गळ्यातलं सहलीचं ओळखपत्र बघून खानोलकरला फोन लावला. खानोलकर धापा टाकत आला तेव्हा सदोबा कॉफी पीत होता आणि म्हणत होता, “गाडीला उशीर हाय वाटतं.”

बाहेर आल्यावर खानोलकरनं खरोखर हात जोडले. “काका, उद्याचा एकच दिवस उरलाय. परवा आपलं विमान. उद्या चुकलं तर काकूंचं बर्फ राहिलं ते राहिलंच. कृपा करून कुणाच्या मागं जाऊ नका. जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं गुपचूप बसा. कुणी कितीही उठवलं तरी उठू नका.”

“एवढंच ना? ध्यानात ठेवलं.”

त्या संध्याकाळी अनसाबाई खिडकीत बसून लांबचा पांढरा डोंगर बघत राहिली. ती अशी गप्प असली की सदोबाला फार वाईट वाटायचं. शिव्या दिलेल्या परवडल्या.

आणि काय नवल, तिसऱ्या दिवशी पहाटेच रेल्वेचा संप मिटला! दहाची डोंगरगाडी सुटणार. खानोलकरनं तिकिटं काढली, अनसाबाईला खिडकीशी बसवलं, शेजारची जागा सदोबाची. अनसाबाईनं नवा स्वेटर घातला होता आणि तिचा चेहरा असा खुलला होता की सदोबाला तिच्याकडं बघून लाजल्यासारखं झालं.

“अवो, बाटलीत पाणी तेवढं भरून आणा.”

सदोबा उतरला. नळाशी जाताना बघतो तो काय, फलाटावर गाडीचे ड्रायव्हर आणि कामगार बसून न्याहारी करत होते. चार नाही, चांगले बारा. बसलेले! सदोबाला खानोलकरचे शब्द आठवले. त्यानं टोपी सारखी केली आणि त्यांच्या शेजारी मांडी घातली.

घंटा झाली. कामगार उठले, डबे मिटले. सदोबा उठला नाही. एकानं खुणेनं सांगितलं, ऊठ. सदोबानं मान हलवली. दुसऱ्यानं हात धरला. सदोबा जास्तच घट्ट बसला.

कामगार एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. एवढे दिवस ते फलाटावर बसले होते, गावातलं काळं कुत्रं त्यांच्याजवळ येऊन बसलं नव्हतं. आणि हा लांबचा म्हातारा, पांढऱ्या टोपीतला, त्यांच्यासारखाच बसलाय आणि हलत नाही! म्हणजे याच्यावर केवढा अन्याय झाला असेल? मोठ्या मिशीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. तो परत खाली बसला. मग दुसरा बसला. मग सगळे बसले. पलीकडच्या फलाटावरचेही बसले. अकरा वाजेपर्यंत साऱ्या स्टेशनात पुन्हा संप.

खिडकीतून अनसाबाईचा आवाज आला, “अवो, त्यांच्यात काय बसलासा? बर्फ ऱ्हायलं की वो माजं!” आणि तिला रडूच फुटलं.

खानोलकर धावत आला. “काका, उठा!”

“कुणी कितीबी उठवलं तरी उठायचं न्हाई. तुमीच सांगितलं.”

स्टेशनचा मोठा साहेब आला. घाम पुसत त्यानं खानोलकरला काहीतरी विचारलं. खानोलकर म्हणाला, “काका, साहेब विचारतायत, तुमची मागणी काय?”

सदोबाला आजवर कुणी मागणी विचारली नव्हती. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. खांद्यावर हात फिरवला.

“माजा टॉवेल,” तो म्हणाला.

खानोलकरनं जड मनानं ते तिथल्या भाषेत सांगितलं. कामगारांनी एकदम आरोळी ठोकली. टॉवेल! टॉवेल! साहेबानं फोन फिरवले. तासाभरात एक बस खास आली आणि तिच्यातून टॉवेल उतरला. धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घातलेला.

तरी सदोबा उठेना. शेवटी अनसाबाईच डोळे पुसत ओरडली, “खानोलकर, साहेबाला सांगा, लिंबू-सरबत पाजा त्यास्नी! आमच्याकडं सरबत पाजल्याबिगर बसलेला मानूस उठत न्हाई.”

साहेबानं फलाटावरच्या दुकानातून सरबत आणवलं आणि पहिला पेला स्वतः सदोबाच्या तोंडाला लावला. सदोबा उठला. टाळ्या पडल्या. बाकीच्यांनाही सरबत हवं होतं, म्हणून ते रांगेत उभे राहिले. ड्रायव्हर तेवढा इंजिनाकडं पळाला, कारण आधीच उशीर झाला होता.

शिट्टी झाली. “अवो, चढा!” अनसाबाईनं हाक मारली.

सदोबा धावला. अगदी डब्याच्या दारापर्यंत गेला. गाडी भरत आली होती, आणि अनसाच्या शेजारची जागा मोकळी! कुणी बसलं तर? त्यानं टॉवेलाची घडी मोडली, खिडकीतून नेम धरला आणि टाकला. बरोबर त्याच्या जागेवर पसरला. मग त्याला आठवलं. आधी रांग! त्यानं वळून बघितलं, तर रांग होतीच, सरबताची. तो बिनघोर जाऊन शेवटी उभा राहिला.

ड्रायव्हरनं आरशातून टॉवेल आत गेलेला बघितला. मागणी पुरी झाली, असं समजून त्यानं गाडी सोडली.

डोंगरावर पुढं गेलेली मंडळी होतीच. त्यांनी अनसाबाईचा फोटो काढला. गुडघाभर बर्फात उभी, स्वेटर घातलेली, एकीकडं हसतेय आणि एकीकडं डोळे पुसतेय. कुसवड्यात तो फोटो बघायला सारी आळी जमली. कमळाक्कानं चष्मा लावून निरखून बघितला.

“बर्फ हाय बाई, खरंच हाय. पर दाजी कुठं दिसत न्हाईत ते? आन तुज्या शेजारी बर्फावर हे काय पसरलंय, लाल काठाचं?”

अनसाबाई म्हणाली, “ती त्यांची जागा.”

उंबऱ्यावर बसलेल्या सदोबानं बशीतला चहा संपवला. छाती फुगवून म्हणाला, “बगा की नीट. एवढ्या गर्दीत तिथं कोण बसलंय का? टॉवेल टाकला हुता म्हणून जागा ऱ्हायली!”